सरांची चूक

शेळके सरांनी पहिल्या भेटीत मला ना नमस्कार केला, ना नाव विचारलं. त्यांनी माझ्या हातात एक सोललेलं कांडं ठेवलं आणि म्हणाले, “चावून बघा.”

सकाळची वेळ होती. मी आमच्या गावच्या दूध संस्थेची नवी सचिव. सचिव म्हणजे काय, तर दूध मोजायचं, तपासायचं, वहीत लिहायचं आणि गावभरच्या बायकांची बोलणी खायची. दारात किटल्यांची रांग, बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवतोय, आणि पांढऱ्या लेंग्यातले हे उंच गृहस्थ मला कांडं चावायला सांगताहेत. मी रागातच चावलं. रस गोड होता.

“उसाचं एवढं काय कौतुक?” मी म्हणाले.

“ऊस नाही, ज्वारी आहे,” सर म्हणाले. “रस माणसाला, कणीस पाखरांच्या तावडीतून सुटलं तर तेही माणसाला, आणि राहिलेलं सगळं तुमच्या या रांगेतल्या गाईंना.”

रांगेतल्या एक आजी बोलल्या, “मास्तर, ज्वारी घाटावरची. हितं भात पिकतो. ती नाय रुजायची हितं.”

“मीही घाटावरचाच आहे, आजी. मी रुजलो की!” असं म्हणून सर हसले आणि दुसरं कांडं आजींच्या हातात ठेवून निघून गेले. आजींना दात नव्हते, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. माझा मात्र त्या दिवशी टेंपो चुकला.

आदरणीय श्री. रंगनाथ शेळके सर मूळचे मंगळवेढ्याकडचे. कर्जतमधल्या एका माध्यमिक शाळेत शेती हा विषय शिकवायला आले आणि कर्जत संपून खालापूर सुरू होतं त्या आमच्या गावात काकूंसह भाड्याने राहिले. शाळेतल्या सरांविषयी या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा शुद्ध लिहितील. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. शाळा सुटल्यावर सर आमच्या बांधांवर काय करीत होते, एवढंच मला सांगता येईल. त्यातही एक गोष्ट अशी आहे की ती माझ्यावाचून दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

त्या वेळी आमच्याकडे शेताचा एकच हंगाम होता. भात कापला, झोडला, की शेती आटोपली. कुणी थोडा वाल टाकी. मग उरलेल्या रानात गुरं मोकळी सोडायची. भाताच्या बुडख्यांना पुन्हा जे कोवळं हिरवं फुटतं, ते खात गुरं हिंडत राहत. कुणाचं शेत, कुणाची गाय, हे कुणी विचारत नसे. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटे आणि ते आमच्या डोळ्यांदेखत पुढे निघून जाई. दावणीला गुरं पेंढा चावत उभी. पेंढ्यावरच्या गाईचं दूध ते कसलं असणार! सरांना हे बघवत नव्हतं. “पाणी आहे, ऊन आहे, जमीन रिकामी आहे आणि गाय उपाशी आहे. गणित कुठे चुकतंय?” असं ते ज्याला त्याला विचारीत. उत्तर द्यायची कुणाची टाप नव्हती, कारण उत्तर दिलं तर ज्वारी पेरावी लागली असती.

पहिल्या वर्षी पाच जण तयार झाले. त्यांतल्या तिघांनी केवळ सरांचा तगादा चुकवायला होकार दिला होता. पीक मात्र डोक्यावर गेलं. कणसं भरू लागली तसे माथेरानच्या डोंगरातून पोपटांचे थवे उतरले. सरांनी बांबूचा माळा बांधला, गोफण वळली आणि शाळेची घंटा होईपर्यंत स्वतः माळ्यावर उभे राहिले. शेतीचे मास्तर माळ्यावरून आरोळ्या ठोकताहेत, हे बघायला रस्त्यावरच्या रिक्षा थांबत. गोफणीचा एक दगड आमच्या डेअरीच्या पत्र्यावर आला तेव्हा मी बाहेर येऊन ओरडले. माळ्यावरून उत्तर आलं, “क्षमस्व!” एवढा शुद्ध शब्द आमच्या शिवारात त्याआधी कुणी उच्चारला नसेल.

मग आला रस काढायचा दिवस. बंद पडलेल्या रसवंतीचा चरक सरांनी भाड्याने आणला. धाटं कापली की त्याच दिवशी पिळायची, शिळी झाली की गोडी उतरते, म्हणून सगळं गाव राबत होतं. रस निवळून काहिलीत ओतला. भेंडीचं पाणी घालून काकू मळी काढत बसल्या. रस आटत गेला, तांबूस झाला, त्याचा वास पार ओढ्यापर्यंत गेला. लोक वाट्या घेऊन बसले होते, कारण आम्हां सगळ्यांना वाटत होतं की आता याचा गूळ होणार. दुपार कलली तरी गूळ काही धरेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, “सर, हा लय टाइम घेतोय.”

“हा धरणार नाही,” सर शांतपणे म्हणाले. “गोड ज्वारीची काकवी होते. गूळ होत नाही.”

“मंग सकाळी का नाय सांगलं?”

“सकाळी सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?”

लोक चिडायच्या आत काकूंनी तव्यावर घावन टाकायला सुरुवात केली. गरम घावन आणि ताजी काकवी. ती चव आज लिहितानाही जिभेवर आहे. आता त्या शेताच्या जागी कुणाचं तरी फार्महाऊस आहे, पोहण्याचा तलाव आहे. तिथून जाताना माझं मन अजून काहिलीचा वास शोधतं, आणि न सापडल्यावर मी स्वतःवरच रागावते.

खरी कमाल झाली ती गोठ्यात. पिळून उरलेली चिपाडं आणि वरचा पाला यांची कुट्टी गुरांना मिळाली, आणि महिन्याभरात माझ्या रांगेतल्या किटल्या जड झाल्या. मी दूध मोजणारी, तेव्हा हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून मी सरांची शिष्या झाले.

सरांचा खरेपणा किती कडक, याचा एक प्रसंग सांगते. माथेरानला घोडे ठेवणारे एक गृहस्थ आमच्या हिरव्या चाऱ्याची कीर्ती ऐकून खाली आले. दोन टेंपो चारा हवा, रोख देतो, म्हणाले. संस्थेसमोर सगळे खूश. सरांनी साफ नाही म्हटलं. “गाईचं ठीक आहे. घोड्याला ज्वारीचा हिरवा चारा मानवत नाही. मूत्राशयाला त्रास होतो, मागचे पाय जातात.” ते गृहस्थ म्हणाले, “माझे घोडे, मी बघीन.” सर म्हणाले, “घोडे तुमचे, पण चारा आमचा.” गिऱ्हाईक गेलं. मी आठवडाभर सरांवर फुरंगटले होते. पुढे कुंभिवलीला हायवेवरच्या टपरीवर आमच्या काकवीच्या बाटल्या “मध” म्हणून खपू लागल्या, तेव्हाही सर स्वतः जाऊन त्या बाटल्या परत घेऊन आले. खोटं त्यांना चालतच नसे. म्हणूनच पुढची गोष्ट मला इतकी वर्षं जड गेली.

आमच्या गावात एक शब्दप्रयोग आहे. बाहेरगावच्या माणसाला तो कळत नाही. ज्वारी कापलेल्या रानाकडे एखादी गाय वळली की बांधावरून कुणीतरी ओरडतं, “अरं, आवर तिला! सरांची चूक व्हईल!” सरांची चूक म्हणजे ज्वारीच्या बुडख्यांत जनावर शिरणं. नव्याने आलेले एक कृषी अधिकारी हे ऐकून गोंधळले आणि त्यांनी सरांनाच विचारलं. सर म्हणाले, “हो, माझ्याच नावाची आहे.” मी शेजारी उभी होते. मी टेंपो आला का ते बघायला बाहेर गेले. टेंपो यायला अजून अवकाश होता.

ती चूक सरांची नव्हती. माझी होती. आज ते लिहायला बसले आहे.

ज्वारीचं दुसरं वर्ष होतं. कापणी उरकली आणि सरांना वडिलांच्या आजारपणासाठी तातडीने गावी जावं लागलं. निघण्यापूर्वी ते डेअरीत आले. म्हणाले, “सुनंदाबाई, नीट ऐका. हे भात नव्हे. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना जे कोवळं फुटतं, त्यात विष असतं. गाय त्यात शिरली तर दावणीला परत येणार नाही. मी येऊन नांगरट करून घेतो, तोवर सगळ्यांनी गुरं बांधून ठेवायची. तुमच्याकडे रोज सगळं गाव येतं. प्रत्येकाला तोंडाने सांगा. प्रत्येकाला.”

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी, एकेकाची किटली मोजताना, मी प्रत्येकाला सांगितलं. लोक हसले. आमची गुरं बुडख्यांवरच्या फुटव्यावर वाढलेली. त्यात विष असतं हे कोण मानणार! तरी सरांचा शब्द म्हणून त्यांनी मानलं.

फक्त एका घराला मी सांगितलं नाही.

कमळाताई माझ्या चुलत जाऊबाई. त्यांचा गोठा आमच्या डेअरीच्या समोरच. काही महिन्यांपूर्वी त्यांचं दूध लॅक्टोमीटरला पातळ लागलं होतं. मला तेव्हा आपल्या जिभेचं फार कौतुक होतं. भर रांगेत मी म्हणाले, “कमळाताई, आज ओढ्यावरून आलात वाटतं?” रांग खो खो हसली. ताईंनी किटली उचलली आणि म्हणाल्या, “पानी दुधात नाय, तुज्या नजरंत हाय.” त्या दिवसापासून त्या डेअरीत यायच्या बंद झाल्या. दूध घेऊन त्यांचे यजमान येऊ लागले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आम्हां दोघींत बोलणं राहिलं नाही. नुसत्या पेंढ्यावरच्या गाईचं दूध पाणी न घालताही पातळ लागू शकतं, हे मला पुढे सरांनीच समजावलं. तोवर रांग हसून मोकळी झाली होती.

तर त्या सकाळी दादा किटली घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी दूध मोजलं. आकडा लिहिला. सांगायचं वाक्य ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. मनात म्हटलं, गरज असेल तर येईल ती विचारायला. एवढंच. गाय मरावी असं माझ्या मनात नव्हतं. गाय मरेल यावर माझाही विश्वास नव्हता. पण ताईंनी माझ्या दारात यावं, ही इच्छा होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताईंची चांदी गाय रानात सुटली. उन्हाळ्याच्या त्या रखरखाटात ज्वारीच्या फुटव्याचा तेवढाच एक हिरवा तुकडा होता. घटकाभरात ती तिथेच खाली बसली, धापा टाकू लागली, तोंडाला फेस आला. कर्जतहून जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. चांदी दुभती होती. तिचं वासरू गोठ्यात हंबरत होतं, ते मला डेअरीत बसून ऐकू येत होतं.

सर दुसऱ्या दिवशी परतले. आल्या आल्या त्यांनी मला एकच प्रश्न केला, “सगळ्यांना सांगितलं होतंत?” मी म्हणाले, “होय, सर.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं. लोक तापले होते. घाटावरचं पीक आणून आमची गाय मारली, इथपर्यंत बोलणं गेलं. मी बायकांत मागे उभी होते. जमलेला प्रत्येक जण म्हणू शकला असता की मला सुनंदाने सांगितलं होतं, आणि मग कुणीतरी दादांना विचारलं असतं. तेवढ्यात सर उठले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “असलं पीक गावात आणायचं तर दारोदार जाऊन सांगणं माझं काम होतं. ते मी दुसऱ्यावर टाकून गेलो. मला क्षमा करा.” आणि त्यांनी हात जोडले. विषय तिथेच मिटला. पुढे कुणी काही विचारलंच नाही.

सकाळी काकू त्यांची तांबू गाय दोरीने धरून रस्त्याने निघाल्या. ती गाय काकूंच्या माहेराहून आलेली. त्यांनी ती ताईंच्या गोठ्यात, चांदीच्या दाव्याला बांधली. वासरू आधी बिचकलं, मग तांबूला लुचू लागलं. काकू डेअरीवरून परत जाताना मला म्हणाल्या, “बरं झालं बाई, पिलू लागलं.” मी वहीत डोकं घातलं.

वर्ष गेलं. पुन्हा कापणी आली. सर म्हणाले, “सुनंदाबाई, या वेळी दारोदार आपण दोघं जाऊ.” आणि गावात एवढी घरं असताना त्यांनी पहिलं घर निवडलं ते कमळाताईंचं. उंबऱ्याशी गेल्यावर ते स्वतः मागे सरकले. हात मागे बांधून उभे राहिले. ताई माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मलाच तोंड उघडावं लागलं. “ताई, कापलेल्या रानात गुरं सोडू नका.” दीड वर्षात मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. “बरं,” ताई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः दूध घेऊन येऊ लागल्या.

तेव्हा मला उमगलं की सरांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी मला गावासमोर उघडं पाडलं नाही, काकूंजवळही बोलले नाहीत. फक्त त्या दारात नेऊन उभं केलं. तिथपासून आमच्याकडे रीत पडली. कापणीआधी दारोदार सांगायचं, पहिलं घर ताईंचं, आणि कापलेल्या रानात त्याच दिवशी पॉवर टिलर फिरवायचा. पुन्हा एकही जनावर गेलं नाही. पण त्या रीतीला नाव पडलं ते सरांच्या चुकीचं, आणि ते नाव सर वीसएक वर्षं निमूट वागवत आले.

हा लेख ग्रंथाच्या समितीकडे देण्याआधी मी तो ताईंकडे घेऊन गेले. त्या ओसरीवर वाल सोलत होत्या. मी इथवरचा सगळा वाचून दाखवला. दादांना सांगितलं नाही, तो भागही वाचला.

ताईंचे हात थांबले. त्यांनी विचारलं, “चांदीचं वासरू हंबरत व्हतं, तवा तू कुटं व्हतीस गं?”

“डेअरीत.”

“डेअरीतून माजा गोठा दिसतो.”

“हो, ताई.”

“आन् तू त्या देवमाणसाला गावाम्होरं हात जोडाया लावलंस?”

ताई उठल्या, वालाचं सूप उचललं आणि आत गेल्या. दार लावलं नाही, पण बाहेरही आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचं दूध डेअरीत आलं नाही. आठ दिवस आलं नाही. या वयात पुन्हा अबोला, आणि या वेळी तो पुरता माझ्या वाट्याचा, हे मी स्वतःला समजावून घेतलं होतं. लेख फाडून टाकावा असंही एकदा वाटलं. तो फाडला नाही, एवढंच माझं धाडस.

नवव्या दिवशी ज्वारीची कापणी होती. आता पेरणारी घरं थोडी उरली आहेत, म्हणून कापायला सगळे सगळ्यांकडे जातात. मी धाटं बांधत होते. ताई वरच्या बांधावर होत्या. इतक्यात कुणाची तरी गाय कापलेल्या पट्ट्याकडे वळली, आणि ताई बांधावरून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “अरं, ती गाय आवरा रं! सुनंदाची चूक व्हईल!”

विळे थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भर रांगेत हसं होणं कसं असतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं, आणि खरं सांगते, एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंची किटली माझ्यासमोर आली. मी मोजून आकडा लिहिला. “नीट बगून लिव,” ताई म्हणाल्या.

सर, हे सगळं तुम्ही या ग्रंथातच प्रथम वाचणार आहात. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. तुमच्या नावावरची चूक मी परत घेतली आहे. ती आता माझ्या नावाने ओरडली जाते, आणि तिथेच ती शोभते.

गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षं सरांना कापणीआधीच्या फेरीला येता आलेलं नाही. ग्रामदैवताजवळ मी सरांसाठी दीर्घ आयुष्य आणि काकूंची साथ मागितली आहे, आणि त्यातही ते गुडघे आधी मागितले आहेत. पहिल्या दारात उभं राहून बोलायला मला आता जमतं. पण बोलताना पाठीमागे, हात मागे बांधून, सर उभे असायला हवेत.